दाढ एनएचएसची, बिल प्रायव्हेटचं

ताई,

आम्ही अडीच वर्षांपूर्वी इंग्लंडला आलो. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, मी डिपेंडंट. मुलगी साडेनऊ महिन्यांची आहे, अजून अंगावर पिते. तीन आठवड्यांपासून माझी डावीकडची खालची दाढ ठणकते आहे. खूप फोन केल्यावर एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, घेणारा एक डेंटिस्ट मिळाला. माझ्याकडे मॅटर्निटी एक्झेम्प्शनचं (बाळंतपणामुळे शुल्क माफ असल्याचं) सर्टिफिकेट आहे, ते दाखवलं. त्यांनी एक्स-रे काढला आणि कीड दाताच्या नसेपर्यंत गेल्याचं सांगितलं. पुढे म्हणाले, “एनएचएसवर दाढ काढून देतो. वाचवायची असेल तर रूट कॅनाल प्रायव्हेट, ७९५ पौंड, वर कॅपचे ६५०. मोलरचं रूट कॅनाल एनएचएसवर होत नाही.” त्याआधी हायजिनिस्टकडे ७५ पौंड भरून दात साफ करून घ्यायला हवेत, नाहीतर पुढचं काही सुरू होणार नाही. शेजारच्या दाढेत बारीकशी कीड आहे. ती पांढऱ्या सिमेंटने भरायची तर तेही प्रायव्हेट, १४० पौंड.

नवरा म्हणतो, क्रेडिट कार्डावर टाकू, पण वाद नको. आपण व्हिसावर आहोत, तक्रारीची कुठे नोंद झाली तर? सासूबाई म्हणतात, डिसेंबरात येताच आहात, आपल्या डॉक्टरांकडे निम्म्याच्या निम्म्यात होईल. डिसेंबरला अजून चार महिने आहेत. डेंटिस्ट सभ्य माणूस आहे, खोटं बोलेल असं वाटत नाही. मी कोणाचं ऐकू?

– ठणकणारी

प्रिय ठणकणारी,

उपचाराच्या कागदावर सही केलीस का? पत्रात बाकी सगळं आहे, तेवढंच राहिलं. त्यांच्या टॅब्लेटच्या स्क्रीनवर सही करून आली असलीस तरी जीव घाबरा करून घेऊ नकोस. उपचाराला दिलेली संमती कधीही मागे घेता येते. फोन कर किंवा ईमेल पाठव. ईमेल बरा, तो राहतो.

आता दुखण्याचं. नसेपर्यंत गेलेली कीड गोळीने बरी होत नाही, फक्त गप्प बसते. आणि कधीकधी ती आपोआप गप्प बसते, म्हणजे नस मरते. लोकांना वाटतं सुटलो, आणि महिन्याभराने गाल सुजतो. गोळी घेताना बाळाला पाजतेस हे फार्मासिस्टला सांगून घे, घरच्या डब्यातली उचलू नकोस. तोंडाला सूज आली, ताप भरला, तर वाट न बघता एनएचएसच्या १११ नंबरला फोन कर. तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर सरळ इमर्जन्सीला जा. मग अपॉइंटमेंट कधीची आहे ते बघत बसू नकोस.

आता त्या वाक्याकडे येऊ. “मोलरचं रूट कॅनाल एनएचएसवर होत नाही.”

होतं.

मी हे ठामपणे सांगते कारण अकरा वर्षं मी अशाच एका सर्जरीच्या (दाताच्या दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात) रिसेप्शनवर बसले आहे. एनएचएस आणि प्रायव्हेट दोन्ही करणारी, म्हणजे मिक्स्ड प्रॅक्टिस. तिथे बसून पहिल्या महिन्यात जे शिकले ते तुलाही सांगते. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या दातांच्या कामांचे तीन बँड, म्हणजे दराचे गट, आहेत. (वेल्स आणि स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, तिकडच्या वाचकांनी हे आकडे लावू नयेत.) पहिल्यात तपासणी, एक्स-रे, आणि गरज असेल तर दात साफ करणं. दुसऱ्यात सिमेंट भरणं, दात काढणं, रूट कॅनाल. तिसऱ्यात कॅप, ब्रिज, कवळी. एप्रिल २०२५ मध्ये ठरलेले दर २७.४०, ७५.३० आणि ३२६.७० पौंड. एप्रिल आला की ते सहसा वाढतात, त्यामुळे भरण्याआधी एकदा बघून घ्यावेत. हे दर दातागणिक नसून सबंध कोर्सचे असतात. उद्या तुझ्या नवऱ्याच्या चार दाढांत सिमेंट भरायचं निघालं तर त्याला चार वेळा ७५.३० पडणार नाहीत, एकदाच पडतील. रूट कॅनाल आणि त्यावर कॅप एकाच कोर्समध्ये झाली तर वरच्या बँडचे तेवढे ३२६.७०. आणि तुझं? बाळंतपणानंतर बारा महिन्यांच्या आत कोर्स सुरू झाला तर शून्य. रूट कॅनालही शून्य, आणि कॅप खरंच लागणार असेल तर तीही शून्य. तुला सांगितलेल्या १,४४५ पौंडांच्या समोर हा आकडा ठेवून बघ.

डेंटिस्टला एनएचएसकडून पैसे मिळतात ते यूडीएच्या हिशोबाने. यूडीए म्हणजे कामाचं माप. तपासणीला एक, साध्या सिमेंटला तीन, कॅपला बारा. नोव्हेंबर २०२२ पासून मोलरच्या रूट कॅनालला सात यूडीए धरले जातात. आता तूच सांग, जे काम एनएचएसवर होतच नाही त्याचं माप कोण कशाला ठरवून ठेवेल?

आणि हे नुसतं शहाणपण म्हणून नाही, नियमात लिहिलेलं आहे. २००५ च्या ज्या नियमावलीवर या सर्जऱ्यांचे करार उभे आहेत तिच्यात स्पष्ट म्हटलंय की रुग्णाने प्रायव्हेटला हो म्हणावं म्हणून त्याला गरजेचा उपचार करारात मिळत नाही असं सांगायचं नाही, आणि एनएचएसच्या कामाच्या दर्जाबद्दल दिशाभूलही करायची नाही. जनरल डेंटल कौन्सिल, म्हणजे ज्यांच्या रजिस्टरवर नाव नसेल तर इथे दाताला हात लावता येत नाही, तेही आपल्या नियमांत हेच सांगतात.

म्हणजे तुझा डेंटिस्ट खोटारडा? थांब, इतकी घाई नको. अशा वेळी डेंटिस्ट तीन वेगळी वाक्यं बोलू शकतो, आणि तिन्ही प्रामाणिक असू शकतात.

पहिलं: “ही दाढ वाचण्यासारखी राहिलेली नाही.” हा त्याचा वैद्यकीय निर्णय. खाली हाड किती उरलंय, दाढेला चीर गेली आहे का, कीड हिरडीच्या खाली उतरली आहे का, हे तो एक्स-रे बघून ठरवतो आणि ते त्यानेच ठरवायचं. अशी दाढ एनएचएस काढूनच टाकेल. पण मग ती ७९५ पौंडांनी तरी कशी वाचणार? बिल कोण भरतंय हे दाढेला कळत नाही. ती वाचण्यासारखी असेल तर दोन्हीकडे वाचण्यासारखी, नसेल तर दोन्हीकडे नाही. मला विचारशील तर सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. “प्रायव्हेटमध्ये वाचवतो” असं ज्या क्षणी तो म्हणाला, त्या क्षणी ती वाचवण्यासारखी आहे हे त्यानेच कबूल केलं.

दुसरं: “हिची मुळं फार वाकडी आहेत, माझ्या हाताला जमणार नाही.” हेही खरं असतं. खालच्या दाढेच्या नळ्या कधीकधी अशा वळलेल्या असतात की आत सुई तुटायची भीती. मग त्याने तुला दुसऱ्याकडे पाठवायचं, म्हणजे रेफर करायचं. एनएचएसवर असं रेफरल सहज मिळत नाही, अटी कडक असतात आणि वाट लांब, हे तुला आधीच सांगून ठेवते. अशा वेळी नुसतं हेच काम करणाऱ्या प्रायव्हेट स्पेशालिस्टकडे जावं असं वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण तुझ्या पत्रावरून प्रायव्हेटचं रूट कॅनालही तोच करणार आहे, त्याच खुर्चीत. एनएचएसवर न जमणारा हात प्रायव्हेटमध्ये जमायला लागतो, ही जादू मला अकरा वर्षांत कळली नाही.

तिसरं: “एनएचएसवर करून देतो. प्रायव्हेट घेतलंत तर जास्त वेळ देईन, मायक्रोस्कोप वापरीन, कॅप दाताच्या रंगाची बसवीन.” हे सरळ आहे. दोन्ही दारं उघडी ठेवून कोणत्याने जायचं ते तुला विचारलं. ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावं. एनएचएसवर मागच्या दाढेला बहुतेकदा धातूची कॅप मिळते, हसताना दिसली तर काहींना नको वाटते. ती हौस आहे, आणि हौसेला मोल असतंच.

तुला यातलं एकही वाक्य ऐकू आलं नाही. तुला ऐकवलं गेलं ते चौथं, आणि ते बोलायची नियमात परवानगी नाही.

आता त्याची बाजू. मी त्या लोकांबरोबर डबा खाल्ला आहे, त्यामुळे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका यूडीएला २०२४ पासून किमान २८ पौंड ठरले. साताने गुणलं तर १९६. त्यात मोलरचं रूट कॅनाल करायचं, म्हणजे दोन बैठका, बाजूला नर्स, एकदा वापरून फेकायच्या फाइली (दाताच्या नळ्या साफ करायच्या सुया), खोलीचं भाडं, वीज. दुसऱ्याच्या सर्जरीत असोसिएट म्हणून काम करणाऱ्या डेंटिस्टच्या हातात त्यातला काही हिस्साच पडतो. त्याच वेळात प्रायव्हेटचे ७९५. वर वर्षाचा यूडीएचा कोटा पुरा नाही झाला तर एनएचएस पैसे परत मागते. खुर्चीत बसलेल्या माणसाची जीभ कुठे वळेल ते तूच बघ. दात काढायला वीस मिनिटं लागतात, वाचवायला दीड तास. २००६ पासून चालत आलेला हा करार कामाचा राहिलेला नाही, असं २०२३ मध्ये संसदेच्या आरोग्य समितीनेही म्हणून ठेवलंय.

एक गैरसमज मात्र काढून टाक. माझं फुकट आहे म्हणून मला टाळतात, असं माझ्याशी रिसेप्शनवर कितीतरी बायका कुजबुजत बोलल्या आहेत. तसं नाही गं. रुग्णाने भरलेले पैसे एनएचएस सर्जरीच्या देण्यातून वजा करते. तू भर किंवा नको भरू, सर्जरीला तेवढंच मिळतं. तुझ्या सर्टिफिकेटने त्यांचं एका पेनीचंही नुकसान होत नाही, तेव्हा ते दाखवताना मान खाली घालू नकोस. (दातांसाठी पैसे घ्यायचे की नाही यावर इथे मंत्र्यांनी खुर्च्या सोडल्या आहेत. ज्यांनी एनएचएस उभी केली त्या अन्यूरिन बेव्हन यांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला तो कवळ्या आणि चष्म्यांवर पैसे लावले म्हणूनच.)

त्याची अडचण खरी आहे. पण ती सोडवायला तुझं क्रेडिट कार्ड नाही.

आणि तू एकटीही नाहीस. बाजारातल्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने २०१२ मध्ये दातांच्या बाजाराचा अभ्यास केला होता. एनएचएसवर काय मिळू शकतं याची चुकीची माहिती वर्षाला सुमारे ५ लाख रुग्णांना दिली जात असावी, असा त्यांचा अंदाज होता. त्यातले किती जण सभ्य माणसाकडूनच ऐकून घरी गेले असतील! सभ्यपणाचा आणि याचा संबंध नाही. खूप वेळा तोच शब्द बोलून बोलून त्यांनाही तो खरा वाटायला लागतो. “मी एनएचएसवर करत नाही” आणि “एनएचएसवर होत नाही” यातलं अंतर घाईत बुजून जातं.

मग करायचं काय? दुसरीकडे जा असं मी म्हणणार नाही. म्हणणं सोपं आहे. २०२२ मध्ये बीबीसीने सर्जऱ्यांना फोन लावून बघितले तेव्हा दहातल्या नऊ सर्जऱ्या नवे प्रौढ रुग्ण एनएचएसवर घेत नव्हत्या. तुला एक दार मिळालंय, ते तू आपटून निघू नकोस. त्याच माणसाकडे परत जा. तुझी तपासणी एनएचएसवर झाली म्हणजे कोर्स उघडलेला आहे, आणि तपासणीत जे गरजेचं निघालं ते त्याच कोर्समध्ये येतं.

आता खुर्चीत काय होतं ते मला माहीत आहे. अर्धा गाल बधिर, तोंडात थुंकी ओढणारी नळी, डोळ्यांवर दिवा. “ओके?” असं विचारतात आणि आपण मान हलवतो. तिथे काही ठरवू नकोस. उठून बस, नळी काढू दे, तोंड धू आणि मग विचार. मनात मराठीतून जुळवलंस तरी बोलताना हे इंग्रजी शब्द असेच्या असे वापर: “इज द रूट कॅनाल क्लिनिकली नेसेसरी? विल यू प्रोव्हाइड इट ऑन द एनएचएस?” क्लिनिकली नेसेसरी, म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं, हे दोन शब्द महत्त्वाचे. एनएचएसचं सगळं गाडं त्यावर चालतं. उत्तर आलं की दुसरं वाक्य: “कॅन आय हॅव दॅट इन रायटिंग, प्लीज?” आवाज चढवायचा नाही, हसत विचारलंस तरी चालेल.

लिहून देण्यासाठी वेगळा कागद शोधायला नको. दुसऱ्या-तिसऱ्या बँडचं काम असेल, किंवा एनएचएसबरोबर प्रायव्हेट काही असेल, तर एफपी-१७-डीसी नावाचा प्लॅन द्यावाच लागतो. त्यात एनएचएसवर काय करणार, प्रायव्हेट काय करणार आणि किती पैसे, हे वेगवेगळं येतं. आमच्याकडे तो टॅब्लेटवर होता. मी स्क्रीन फिरवायची, बोटाने चौकोन दाखवायची, “जस्ट साइन हिअर.” शंभरातले दोन-तीन वर सरकवून वाचायचे. तू वर सरकव. प्रत मागून घे. खरं सांगू, बऱ्याच वेळा कामाचा निकाल इथेच लागतो. “मोलरचं रूट कॅनाल एनएचएसवर उपलब्ध नाही” हे तोंडाने म्हणणं सोपं, नावानिशी लिहून देणं अवघड. माझ्यासमोर एकदा एक आजोबा कागद मागत शांतपणे काउंटरला टेकून उभे राहिले. डॉक्टर आत गेले, बाहेर आले, म्हणाले, पुढच्या मंगळवारी एनएचएसवर करू. आजोबांनी आभार मानले आणि बसची वेळ विचारली.

पांढऱ्या सिमेंटचं. एरवी मागच्या दाढेला नुसतं दिसायला पांढरं हवं असेल तर एनएचएस ते द्यायला बांधलेली नाही, चांदी भरतात. पण तू पाजतेस. २०१८ च्या जुलैपासून गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना, आणि पंधराच्या आतल्या मुलांना, अगदीच इलाज नसेल तरच चांदी भरायची असा नियम आहे. त्या चांदीत पारा असतो. म्हणजे तुझ्या बाबतीत चांदी हा मुळात पर्यायच नाही, आणि ती कीड भरायची गरज असेल तर दुसरं सिमेंट एनएचएसवरच भरायचं. त्याचे १४० पौंड नाहीत. अंगावर पाजते हे मेडिकल हिस्ट्रीच्या फॉर्मवर लिहिलं होतंस ना? नसेल तर या वेळी आधी ते सांग.

आणि हायजिनिस्ट. इथे मला जरा थांबायचंय, कारण या बाबतीत माझे हात धुतलेले नाहीत.

आमच्या सर्जरीत तपासणी झाली की डॉक्टर आतून संदेश टाकायचे, “हायजिन.” रुग्ण बाहेर आला की मी म्हणायची, “डॉक्टरांनी हायजिनिस्टची अपॉइंटमेंट घ्यायला सांगितलीय, गुरुवारी साडेतीन चालेल?” किती पैसे ते वेळ ठरल्यावर. प्रायव्हेट आहे हे विचारलं तर. एका बाईंनी पर्समधून नोटा काढून मोजल्या, दोन कमी पडल्या, आणि मी येते हं म्हणून त्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत. एनएचएसच्या तपासणीलाही नाही. त्या नोटा मला अजून दिसतात. हिरड्यांसाठी दात साफ करणं गरजेचं असेल तर ते पहिल्या बँडमध्येच येतं, त्याला वेगळे पैसे नाहीत. गरज नसेल आणि नुसते चहाचे डाग काढून चकचकीत करायचे असतील तर ते प्रायव्हेट, आपली मर्जी. पण “आधी ७५ पौंड भरा, मग एनएचएसचं काम” अशी अट घालता येत नाही. मला हे माहीत होतं. दोन वर्षांनी माहीत झालं, आणि त्यानंतरही काही महिने मी गुरुवारी साडेतीन म्हणतच राहिले, कारण नोकरी. त्यामुळे तुझ्या रिसेप्शनवरच्या मुलीवर चिडू नकोस. “इज दॅट पार्ट ऑफ माय एनएचएस कोर्स?” एवढंच विचार. ती खाली बघेल.

आता नवरोबा. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, व्हिसाचा कागद हातात असला की माणूस पोस्टमनलाही घाबरतो. पण त्यांना दोन गोष्टी सांग. तुमच्या व्हिसावर “नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स” (सरकारी मदतीवर हक्क नाही) लिहिलेलं असेल, त्यातल्या पब्लिक फंड्समध्ये एनएचएसचे उपचार येत नाहीत. आणि एनएचएस तुम्हाला कोणी उपकार म्हणून देत नाही. अर्ज करताना इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरलाय ना? आता तो प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंड आहे, तुमच्या वेळी जो होता तो तुम्ही आगाऊ भरला. डेंटिस्टबद्दलची तक्रार व्हिसा बघणाऱ्या होम ऑफिसकडे जात नाही. ती तुझ्या उपचारांच्या फाइलीतसुद्धा ठेवायची नसते.

भीती बाळगायचीच तर वेगळ्या गोष्टीची बाळगा. सर्टिफिकेटची मुदत संपली असताना फुकट म्हणून सही केली तर मागाहून शुल्क वसूल होतं आणि वर १०० पौंडांपर्यंत दंड बसतो. तुझ्या सर्टिफिकेटवरची तारीख आज काढून बघ.

तक्रारीची वेळ बहुधा येणार नाही. आलीच तर आधी प्रॅक्टिस मॅनेजरला लेखी. तीन कामाच्या दिवसांत पोच यायला हवी. त्यांच्याशी बोलायचं नसेल तर तुमच्या भागातल्या एनएचएसचा कारभार बघणाऱ्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, जुलै २०२३ पासून या तक्रारी त्यांच्याकडे जातात. दोघांपैकी एकाकडेच कर. तिथेही समाधान झालं नाही तर ऑम्बड्समन, म्हणजे अशा तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. घटना घडल्यापासून बारा महिने असतात, म्हणजे आधी दाढ, मग तक्रार, हा क्रम चालतो. प्रायव्हेटचे पैसे भरून बसलेल्या वाचकांसाठी डेंटल कम्प्लेंट्स सर्व्हिस वेगळी आहे.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं वेडगळ नाही. कित्येक जण डिसेंबरात सामानाच्या यादीत रूट कॅनालही लिहून नेतात, आणि तिकडचे डॉक्टर हाताने उत्तम असतात. पण रूट कॅनालला दोन बैठका लागल्या, मग कॅपचं माप, मग ती लॅबमधून येईपर्यंत थांबणं, आणि तुमची सुट्टी तीन आठवड्यांची. इकडे आल्यावर कॅप हलली तर बघायला कोण? एनएचएसवर भरलेलं सिमेंट, रूट कॅनाल किंवा कॅप बारा महिन्यांत बिघडली तर तीच सर्जरी सहसा पैसे न घेता दुरुस्त करते. शिवाय चार महिने तो ठणका घेऊन रात्री बाळाला पाजायला उठणार कशी? आणि सगळ्यात मोठं म्हणजे डिसेंबरात मुलगी वर्षाची होऊन गेलेली असेल. तुला फुकटचा हक्क आहे तो तिच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत. त्याच्या आत कोर्स सुरू व्हायला हवा. अडीच महिने उरलेत, त्यातले दोन आठवडे अपॉइंटमेंट मिळण्यात जातील.

तेव्हा उद्या सकाळी आठला, लाइन उघडल्या उघडल्या फोन लाव. आणि सासूबाईंना म्हणावं, डिसेंबरात बाळाचं जावळ करूया, दाढेचं माझं मी इकडे बघते.

– ताई